स्टार ट्रेक ऑनलाइनमध्ये जहाज नीट कसं बांधायचं: पहिल्या लॉगिनपासून पहिल्या बोर्ग मिशनपर्यंत

"तीसाव्या लेव्हलपर्यंत मजा आली, आता प्रत्येक मिशनमध्ये मरतोय, कुठलं जहाज विकत घेऊ?" स्टार ट्रेक ऑनलाइन हा अंतराळातल्या जहाजांचा ऑनलाइन गेम खेळणाऱ्या इतक्या जणांनी मला हा प्रश्न विचारलाय की आता एकदाच सगळं लिहून काढते. कुठलंही विकत घेऊ नका. आहे तेच जहाज आधी उघडून बघू.

मागच्या महिन्यात माझ्या मावसभावाने स्क्रीन शेअर केली. पुढे दोन फेझर, एक डिसरप्टर, एक अँटिप्रोटॉन, मागे एक टॉर्पेडो आणि एक टेट्रियॉन, म्हणजे टॉर्पेडो सोडून प्रत्येक जातीचं हत्यार वेगळ्या एनर्जीचं. गोळीबार सुरू झाला की नारिंगी, हिरवी, लाल, निळी अशी सगळी रोषणाई, आणि समोरच्या जहाजाची शील्ड काही हलेना. बोर्डावरच्या टॅक्टिकल ऑफिसरकडे कॅननची स्किल होती आणि जहाजावर कॅनन एकही नव्हती. एक रुपया न घालता पाऊण तासात आम्ही ते लावलं आणि जिथे तो तीन दिवस अडकला होता ते मिशन पहिल्या झटक्यात झालं. तेव्हा काय काय केलं आणि कुठल्या क्रमाने केलं ते खाली देतेय. क्रम महत्त्वाचा आहे, कारण मागची पायरी पक्की नसेल तर पुढचीवर घातलेले पैसे आणि वेळ दोन्ही वाया जातात.

१. खातं आणि डाउनलोड

गेम फुकट आहे. पीसीवर स्टीम, एपिक किंवा आर्क (गेमच्या प्रकाशकाचं स्वतःचं ॲप) यातल्या कशावरूनही घेता येतो, प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर पण आहे. पण पहिल्याच दिवशी ठरवा की कुठून खेळणार आणि तिथेच राहा. आधी आर्कवर खातं काढलं, मग कोणीतरी सांगितलं म्हणून स्टीमवरून उतरवलं आणि थेट प्ले दाबलं, तर बहुतेक वेळा नवीन कोरं खातं तयार होतं आणि जुना कॅप्टन दिसत नाही म्हणून माणूस घाबरतो. जुनं खातं जोडायचा पर्याय पहिल्या लॉगिनलाच विचारला जातो, ती खिडकी न वाचता बंद करू नका. कन्सोलवरचं पात्र पीसीवर येत नाही, हेही आधीच माहीत असू द्या.

सर्व्हर भारतात नाही, त्यामुळे भारतातून पिंग जास्तच दिसणार. अंतराळातल्या लढाईत याचा फारसा त्रास होत नाही कारण इथे नेमबाजीपेक्षा बटणांची वेळ आणि जहाजाची दिशा जास्त लागते. वायफायपेक्षा केबल लावा, तेवढं पुरे.

२. कॅप्टन निवडताना: या दोन गोष्टी पुन्हा बदलत नाहीत

एक म्हणजे करिअर. टॅक्टिकल, इंजिनीअरिंग, सायन्स, तीनपैकी एक, आणि एकदा घेतलं की कायमचं. पण इथे एक मोठा गैरसमज आहे. करिअरवरून जहाज ठरत नाही. सायन्सचा कॅप्टन एस्कॉर्ट (छोटं चपळ जहाज) चालवू शकतो, टॅक्टिकलवाला क्रूझर (मोठं, हळू वळणारं जहाज) चालवू शकतो. करिअरवरून फक्त कॅप्टनच्या स्वतःच्या पॉवर ठरतात, म्हणजे टॅक्टिकलला अटॅक पॅटर्न अल्फा, इंजिनीअरला मिरॅकल वर्कर, सायन्सला सेन्सर स्कॅन अशा. पहिलंच पात्र असेल आणि काही कळत नसेल तर टॅक्टिकल घ्या, नुकसान सरळ वाढतं आणि चुका झाकल्या जातात.

दुसरी गोष्ट बाजू. फेडरेशन, क्लिंगॉन, रोम्युलन, डोमिनियन. नवीन माणसाने फेडरेशन किंवा क्लिंगॉन घ्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. रोम्युलन कथा खूप सुंदर आहे पण त्यांच्या सिंग्युलॅरिटी कोअरमुळे, म्हणजे पॉवर देणाऱ्या यंत्रामुळे, जहाजाला पॉवर कमी मिळते आणि ते सांभाळायला आधी नेहमीची पॉवर कळलेली हवी. शिवाय रोम्युलन कॅप्टनला सुरुवातीलाच फेडरेशन की क्लिंगॉन, कोणाशी युती ते निवडावं लागतं आणि तेही कायमचं. डोमिनियनचा जेमहदार कॅप्टन तर खूप वरच्या लेव्हलवरून सुरू होतो, म्हणजे शिकायचा सगळा काळच उडून जातो.

सावध: नाव, चेहरा, गणवेश हे सगळं नंतर बदलता येतं, त्यावर दोन तास घालवून करिअर मात्र घाईत दाबू नका. बहुतेक जण नेमकं उलटं करतात.

३. शस्त्र ठरवा: बीम की कॅनन

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, त्यामुळे जरा थांबून वाचा. बीम म्हणजे किरण सोडणारं हत्यार, कॅनन म्हणजे तोफ.

बीम ॲरेचा मारा २५० अंशात जातो. पुढे लावलेली ॲरे पुढे आणि दोन्ही कुशींना मारते, मागे लावलेली मागे आणि दोन्ही कुशींना. म्हणजे जहाजाच्या डाव्या आणि उजव्या बाजूला साधारण ७० अंशाचा एक पट्टा असा आहे जिथे पुढची मागची सगळी हत्यारं एकदम लागतात. म्हणून बीमवाल्याने शत्रूकडे नाक करून जायचं नाही, कूस दाखवायची आणि त्याच्याभोवती फिरत राहायचं. हळू वळणाऱ्या क्रूझरला हेच बरं.

ड्युअल कॅनन आणि ड्युअल हेवी कॅनन फक्त ४५ अंशात मारतात. नुकसान जोरदार, पण शत्रू नाकासमोर हवा आणि जवळ हवा, कारण लांबून मारलं की कॅननचा जोर बीमपेक्षा जास्त घटतो. यासाठी चपळ वळणारी एस्कॉर्ट लागते, आणि बहुतेक क्रूझरवर ड्युअल कॅनन बसतच नाहीत. कॅनन पुढे असतील तर मागे टरेट लावा, टरेट ३६० अंश फिरते आणि तिला कॅननच्याच स्किल लागू पडतात. ड्युअल बीम बँक ९० अंशाची असते, ती फक्त पुढेच बसते, तिच्या जोडीला मागे साध्या ॲरे लावल्या तर नाक शत्रूकडे असताना त्या ॲरे गप्प बसतात. हे मिश्रण सुरुवातीला नकोच.

टॉर्पेडोबद्दल एवढंच सांगते, शील्ड उभी असताना त्याचा बहुतेक जोर शील्ड खाते. शील्ड पडली की मग उघड्या हलवर, म्हणजे जहाजाच्या मूळ सांगाड्यावर, टॉर्पेडो सोडा. एक टॉर्पेडो पुरे. पुढे दोन मागे दोन लावून ठेवणारे खूप पाहिलेत, शील्ड उतरवायला त्यांच्याकडे काहीच उरत नाही.

४. एनर्जीचा प्रकार एकच

फेझर, डिसरप्टर, प्लाझ्मा, टेट्रियॉन, पोलॅरॉन, अँटिप्रोटॉन. कुठला चांगला हे विचारू नका, सुरुवातीला फरक फार छोटा आहे. फेझर कधीकधी शत्रूची एखादी यंत्रणा बंद पाडतो, डिसरप्टर त्याचं संरक्षण थोडं कमी करतो, अँटिप्रोटॉनचा क्रिटिकल जास्त लागतो, असं प्रत्येकाचं काहीतरी आहे. फेडरेशनला फेझर आणि क्लिंगॉनला डिसरप्टर सहज आणि स्वस्तात मिळतात, तेच घ्या.

एकच का, तर टॅक्टिकल कन्सोल (प्लेस्टेशनवाला कन्सोल नव्हे, जहाजात बसवायचा जास्तीचा भाग). फेझर रिले नावाचं कन्सोल फक्त फेझरचं नुकसान वाढवतं. चार कन्सोल फेझरचे आणि हत्यारं चार जातींची, तर एका हत्याराला सगळा फायदा आणि तिघांना काहीच नाही. पोळीच्या चार तुकड्यांपैकी एकालाच तूप लावल्यासारखं. लूटमध्ये मार्क (हत्याराची श्रेणी) जास्त असलेलं निळं जांभळं, म्हणजे दुर्मिळ, हत्यार मिळालं की हात शिवशिवतात, मला माहितीये, पण प्रकार वेगळा असेल तर ते विका किंवा एक्सचेंजवर (खेळाडूंच्या बाजारात) टाका आणि मिळालेल्या एनर्जी क्रेडिटमधून (गेममधलं साधं चलन) आपल्या प्रकाराचं घ्या. थोड्या कमी मार्कचं जुळणारं हत्यार जास्त मार्कच्या बेजोड हत्यारापेक्षा चांगलं चालतं.

तपासा: गोळीबार सुरू करून स्क्रीनकडे बघा. टॉर्पेडो सोडून सगळ्या रेघा एकाच रंगाच्या दिसतायत का? नसतील तर पुढे जाऊ नका.

५. ब्रिज ऑफिसर

ब्रिज ऑफिसर म्हणजे जहाजावर तुमच्या हाताखालच्या सीटवर बसणारे अधिकारी, आणि लढाईतल्या बऱ्याच स्किल त्यांच्याकडून येतात. बीमच्या स्किल बीमलाच लागतात, कॅननच्या कॅननला. बीमवाल्याला फायर ॲट विल किंवा बीम ओव्हरलोड, कॅननवाल्याला स्कॅटर व्हॉली किंवा रॅपिड फायर. सुरुवातीला मिळणारे ऑफिसर काहीही शिकून आलेले असतात, ते तसंच ठेवायचं नाही. स्टेशनवर ट्रेनरकडे थोड्या एनर्जी क्रेडिटमध्ये ट्रेनिंग मॅन्युअल मिळतात, त्यातून हवी ती स्किल शिकवा. फायर ॲट विल आणि ओव्हरलोड दोन्ही घेऊ नका, ते एका वेळी चालत नाहीत, एक वाट बघत बसतं आणि सीट फुकट जाते.

नवीन कॅप्टनसाठी माझी यादी छोटी आहे. टॅक्टिकल सीटवर टॅक्टिकल टीम, एक फायरिंग मोड (फायर ॲट विल, रॅपिड फायर वगैरे वरच्यांपैकी एक), वर जागा असली तर अटॅक पॅटर्न बीटा. इंजिनीअरिंगला इमर्जन्सी पॉवर टू वेपन्स आणि इमर्जन्सी पॉवर टू शील्ड्स. सायन्सला हॅझर्ड एमिटर्स, याने हल दुरुस्त होते आणि अंगाला लागलेली प्लाझ्माची आग पण विझते, बोर्गसमोर (शेवटच्या भागातल्या मिशनमधले शत्रू) ही नसेल तर हाल आहेत.

सावध: ऑफिसरला चार स्किल येत असल्या तरी सीट ज्या रँकची तेवढ्याच चालतात. कमांडरच्या स्किल शिकवून त्याला एन्साइनच्या सीटवर बसवलं तर एकच स्किल मिळणार. आणि नवीन जहाज घेतलं की सीट बदलतात, ऑफिसर नवीन जहाजावर परत बसवावे लागतात, हे विसरून रिकाम्या ब्रिजने मिशनला गेलेले लोक मी स्वतः पाहिलेत.

६. पॉवर

हा भाग लोक उघडतच नाहीत. जहाजाला वाटायला एकूण २०० पॉवर असते आणि ती वेपन्स, शील्ड्स, इंजिन्स, ऑक्झिलरी अशा चौघांत जाते. एकाला स्वतः १०० पर्यंत देता येते, बाकी स्किल आणि कोअरमुळे वर चढून १२५ पर्यंत पोचते. बऱ्याच जणांची वाटणी सगळीकडे सारखी पडलेली असते आणि हत्यारं अर्धपोटी चालतात.

सुरुवातीला वेपन्स १००, शील्ड्स ५०, इंजिन्स २५, ऑक्झिलरी २५ असं ठेवा. प्रत्येक हत्यार मारताना वेपन पॉवर खाली येते, एकदम आठ हत्यारं चालली की आकडा झरझर उतरताना दिसतो, म्हणून वरून सुरुवात करायची. इमर्जन्सी पॉवर टू वेपन्स ह्याच क्षणासाठी घेतलंय. तो आकडा लढाईत दोन-तीन वेळा डोळ्यांनी बघा, मग आपोआप कळायला लागतं कधी दाबायचं.

सावध: फुल इम्पल्सवर, म्हणजे अंतर कापायच्या सगळ्यात जास्त वेगावर, जाताना जहाज पॉवर इंजिनांकडे ओढतं. तसंच सुसाट शत्रूच्या मधोमध घुसलात तर पहिले काही सेकंद हत्यारांना आणि शील्डला पॉवरच नसते, आणि नेमक्या त्याच सेकंदांत माणूस मरतो. शत्रू दिसला की १० किलोमीटरच्या बाहेरच फुल इम्पल्स सोडा, आकडा परत चढू द्या, मग आत शिरा.

७. लढताना हात काय करतात

प्रत्येक हत्यारावर राइट क्लिक करून ऑटोफायर लावा. एकेक बटण दाबत बसलात तर जहाज चालवणार कधी. मोकळे झालेले हात दिशा आणि स्किलसाठी वापरा.

थांबू नका. उभ्या जहाजाचा डिफेन्स जवळजवळ शून्य होतो, चालत्या जहाजाला शत्रूचे नेम चुकतात. थ्रॉटल शून्यावर ठेवून नेम धरणं ही दुसऱ्या गेममधली सवय आहे, इथे ती मोडावी लागते. शील्डला चार बाजू असतात, एक बाजू लाल झाली की जहाज वळवा आणि दुसरी बाजू पुढे करा, टॅक्टिकल टीम चालू असताना शील्ड आपोआप वाटली जाते. फुटणाऱ्या मोठ्या जहाजाला चिकटून राहू नका, त्याचा वॉर्प कोअर फुटताना जवळच्यांना घेऊन जातो.

तपासा: एक जुनं सोपं मिशन परत खेळा. स्टोरी मिशन पुन्हा खेळता येतात आणि दुसऱ्या वेळी बक्षिसातली वेगळी वस्तू निवडता येते, म्हणजे सराव होतो आणि जुळणाऱ्या वस्तूंचा सेट पण पूर्ण होतो.

जमिनीवरच्या मिशनबद्दल थोडक्यात, टीममधल्या निदान एका ऑफिसरकडे बरं करण्याची किट स्किल ठेवा, सगळे एका दारात उभे राहू नका, बाकी नॉर्मल डिफिकल्टीवर निभावतं.

८. पैसे: सगळ्यात शेवटी

दर दहा लेव्हलला रँक वाढते आणि सुरुवातीच्या रँकना नवीन जहाज फुकट मिळतं, म्हणून मधल्या काळात जहाज विकत घेणं म्हणजे भाड्याच्या घराला संगमरवर बसवणं. तसंच खालच्या लेव्हलच्या हत्यारांवर डायलिथियम (खेळून मिळणारं गेममधलं दुसरं चलन) घालून अपग्रेड करू नका. लेव्हल ६५ ला पोचेपर्यंत ती हत्यारं चार वेळा बदललेली असतात.

डायलिथियम एका पात्राला दिवसाला ८००० च रिफाइन करता येतं. ते देऊन झेन (खऱ्या पैशांनी विकत मिळणारं चलन) घेता येतं पण दराची वरची मर्यादा ५०० ला १ आहे, म्हणजे पूर्ण दिवसाच्या मेहनतीचे १६ झेन, आणि वर डायलिथियम विकणाऱ्यांची रांग लांब असते ती वेगळीच. टी६, म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, जहाज साधारण ३००० झेनचं, १०० झेन म्हणजे १ डॉलर. एका पात्रावर हिशोब केलात तर सहा महिन्यांच्या वर जातात. त्यापेक्षा हिवाळी आणि उन्हाळी इव्हेंट बघा, रोज एक छोटं काम करत गेलात की बऱ्याचदा टी६ जहाज मिळतं, फक्त दिवस चुकवायचे नाहीत. पैसे घालायचेच असतील तर झेन स्टोअरच्या सेलची वाट बघा.

लॉकबॉक्स, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेली पेटी, उघडू नका. चावी १२५ झेनची, आणि आतून जहाज निघण्याची शक्यता फारच कमी. मुलं खेळत असतील तर आईवडिलांनी कार्ड सेव्ह करून ठेवू नये, हे मी अगदी कळकळीने सांगते. आणखी एक फरक लक्षात ठेवा, झेन स्टोअरचं जहाज खात्यावरच्या सगळ्या पात्रांना मिळतं, लॉकबॉक्समधलं सहसा एकाच पात्राला.

फुकट खात्याला एनर्जी क्रेडिटची मर्यादा १ कोटी आहे. त्याच्या जवळ पोचलात की आधी खर्च करा, मग विका. खरंच काही एकच विकत घ्यायचं असेल तर जहाजाच्या आधी ही मर्यादा काढणारं अनलॉक घ्या, एक्सचेंजवरच्या चांगल्या वस्तू त्याशिवाय आवाक्यातच येत नाहीत.

९. पहिलं टीम मिशन: इन्फेक्टेड, द कंड्युइट

पाच जणांचं टास्क फोर्स ऑपरेशन. नवीन माणूस इथे शिव्या खातो आणि त्याला कारण कळत नाही, म्हणून सविस्तर.

सुरुवातीची बोर्ग जहाजं पडली की एका बाजूला जायचं. तिथे मधे एक ट्रान्सफॉर्मर आणि त्याच्याभोवती चार जनरेटर आहेत. एक जनरेटर फुटला की गेटकडून (बोर्ग जहाजं येण्याचं मोठं दार) नॅनाइट स्फिअर नावाची गोल जहाजं निघतात आणि ट्रान्सफॉर्मर दुरुस्त करायला येतात. म्हणून जुने खेळाडू "१० टक्के" म्हणतात, चारही जनरेटर साधारण १० टक्क्यांवर आणून सोडायचे, मग चारही झटपट फोडायचे आणि स्फिअर पोचायच्या आत ट्रान्सफॉर्मर. तो पडला की दुसऱ्या बाजूला हेच पुन्हा, मग गेट आणि टॅक्टिकल क्यूब.

इथे फायर ॲट विल बंद. ती स्किल आसपास जे दिसेल त्यावर मारते, तुम्ही एक जनरेटर धरलेला असला तरी दुसरा फुटतो आणि सगळ्यांचा हिशोब बिघडतो. माझी एक चांगली टीम याच एका बटणामुळे दोनदा बोंबलली आहे. कोणाकडे ग्रॅव्हिटी वेल (जहाजांना एका जागी ओढून धरणारी स्किल) असेल तर त्याने जनरेटरच्या मागे न लागता गेटच्या बाजूला राहून स्फिअर अडवाव्यात. तगडे खेळाडू असले की नॉर्मलवर हे सगळं न पाळताही मिशन होतं, पण ॲडव्हान्स्डला जायच्या आधी सवय लागलेली बरी, तिथे मेल्यावर जहाजाला इंज्युरी लागते आणि ती दुरुस्त करेपर्यंत जहाज लंगडं चालतं.

चॅटमध्ये सुरुवातीलाच लिहा की पहिल्यांदा आलोय. लोक सांगतात. आणि मध्येच निघून जाऊ नका, पेनल्टी लागून काही वेळ पुन्हा रांगेत उभं राहता येत नाही आणि मागे राहिलेले चार जण अडकतात.

निघायच्या आधी स्टेशनवरच एकदा बघून घ्या: ब्रिजवरच्या सगळ्या सीट भरल्यात, वेपन्सला १००, ऑटोफायर लागलंय, हॅझर्ड एमिटर्स बारवर हाताशी आहे. मावसभाऊ आता हे चारही मोठ्याने बोलून बघतो, मग रांगेला लागतो.